सोलापूरचं ऊन, बोरचं पाणी आणि गच्चीवरची फुलझाडं

मे महिन्यात दुपारी दोनला चप्पल न घालता आमच्या गच्चीवर पाय ठेवून बघा, तिसऱ्या पावलाला उड्या मारत जिन्यात परत याल. त्याच स्लॅबवर माझ्या चाळीसेक कुंड्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जिवंत आहेत. मित्र येतात, बघतात आणि हमखास विचारतात, "काय बे, आमची तर सगळी उन्हानं गेली, तुझी कशी राहिली?" मी पण आधी हेच समजायचो, ऊनच मारतं म्हणून. पाच-सहा वर्षं झाडं मारून झाल्यावर कळलं की सोलापुरात झाड उन्हानं मरतं त्यापेक्षा जास्त आपण घातलेल्या पाण्यानं मरतं. कधी जास्त पाण्यानं, कधी चुकीच्या पाण्यानं. म्हणून खत-बित नंतर, आधी पाण्याचंच सांगतो.

आपल्याकडं नळाला पाणी काही दिवसांच्या खंडानं येतं, ते प्यायला आणि घरात वापरायला, मग झाडांना उरतं बोरचं. बोरचं पाणी म्हणजे क्षार. कुंडीच्या काठाला बाहेरून पांढरी पापडी धरते बघा, नखानं खरवडली की पावडर पडते, तीच पापडी आत मुळांभोवती पण बसत असते. झाड पाणी पितं, क्षार मागं राहतात, उन्हाळ्यात तुम्ही रोज घालता म्हणजे रोज थोडा क्षार वाढवता. मग पानांची टोकं करपतात आणि आपल्याला वाटतं ऊन लागलं, म्हणून अजून पाणी. तिथंच घोळ होतो.

यावर उपाय तसा सोपा आहे. रोज वाटी-वाटी पाणी घालू नका. घालायचं तेव्हा खालच्या भोकातून धार लागेपर्यंत घाला, मग माती वरून दोन बोटं सुकेपर्यंत हात लावू नका (अक्षरशः बोट खुपसून बघायचं, नुसतं वरून बघून काही कळत नाही, वरची माती अर्ध्या तासात पांढरी पडते). आणि नळाला पाणी येईल त्या दिवशी थोडं झाडांसाठी ड्रममध्ये धरून ठेवायचं, महिन्यातून एकदा त्यातलं पाणी प्रत्येक कुंडीत भरपूर सोडायचं, कुंडीत जेवढी माती तेवढं तरी. साठलेले क्षार धुऊन निघतात. पावसाळ्यात हे काम पाऊस फुकट करतो, त्यामुळं पहिल्या दोन पावसांत कुंड्या आडोशाला असतील तर बाहेर काढा आणि खालच्या ताटल्या काढून टाका. ताटल्या तर मी बाराही महिने ठेवत नाही, क्षारांचं पाणी परत वर चढतं आणि वर डास होतात ते वेगळंच.

कुठलं पाणी चालतं, कुठलं नाही, हे मी मार खाऊन शिकलो. आरओचं जे वाया जाणारं पाणी असतं ते वाया जातंय म्हणून जीव हळहळतो, पण त्यात क्षार अजून घट्ट झालेले असतात, त्यानं फरशी पुसा, झाडाला नको. त्याहून वाईट कूलरच्या टाकीतलं तळाचं पाणी. एका उन्हाळ्यात मी दर रविवारी कूलर धुवायचो आणि ते बादलीभर पाणी मोठ्या मायेनं अनंताच्या कुंडीत ओतायचो. आता विचार करा, आठवडाभर बोरचं पाणी त्या कूलरमध्ये उडून उडून घट्ट झालेलं, जवळजवळ मिठाचं पाणीच की. तीन आठवड्यांत अनंताची पानं कडेनं तपकिरी, मग काळी, मग नुसत्या काड्या. एसीचं पाणी मात्र उलटं, ते हवेतली वाफ थंड होऊन पडलेलं असतं, क्षार जवळपास नसतात, त्यामुळं नळीखाली कॅन लावून ठेवा आणि ज्या झाडांची पानं पिवळी पडतात त्यांना ते घाला. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालतं, मीठ घातलेलं कुठलंच नाही.

पिवळ्या पानांवरून आठवलं. कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, जाळीसारख्या, असं दिसलं की ते लोहाची कमतरता. आपल्या मातीत आणि पाण्यात चुनखडी जास्त, त्यामुळं लोह मातीत असलं तरी झाडाला घेता येत नाही. एक्झोरा, अनंत, जास्वंद, मोगरा यांना हे हमखास होतं. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, लिटरभर साध्या पाण्यात २-३ ग्रॅम, वर लिंबाचे चार थेंब, आणि संध्याकाळी पानांवर फवारा, आठवड्यानं परत. आधी दोन-तीन पानांवर करून बघा. आणि फरशी झाका हो, नाहीतर गंजाचे डाग पडतात ते निघत नाहीत, आमच्या गच्चीवर अजून नकाशा आहे. मातीत हिराकस टाकून विशेष उपयोग नाही, चुनखडीच्या मातीत ते लगेच अडकून बसतं. मातीतून द्यायचं असेल तर चिलेटेड आयर्न (झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह) घ्या, पण पुडीवर ईडीडीएचए लिहिलेलं बघून घ्या, ईडीटीए असलेलं स्वस्त असतं पण आपल्यासारख्या चुनखडीच्या मातीत ते टिकत नाही.

आता माती. शेतातली काळी माती आणून कुंडीत भरणारे लोक मला अजून भेटतात, "गावाकडची आहे, सोन्यासारखी आहे" म्हणत. ज्वारीला सोन्यासारखी, कुंडीत दगड. ओली झाली की फुगते, चिकट होते, मुळांना हवा मिळत नाही, सुकली की आक्रसते आणि कुंडीच्या भिंतीपासून सुटते, मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली. तुम्हाला वाटतं पाणी मिळालं, मधला गोळा कोरडाच. मी असं भरतो: दोन घमेली लाल माती किंवा चाळलेला मुरूम, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक घमेलं विटांचा चुरा, आणि मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड. कोकोपीट थोडं चालेल, एक-दोन ओंजळी, पण युट्यूबवर बघून अर्धी कुंडी कोकोपीटनं भरू नका. आपल्याकडं जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, त्यामुळं मळीचं (प्रेसमडचं) खत ओळखीनं मिळून जातं, चांगलं असतं, फक्त ताजं गरम वापरू नका, पोत्यात हात घालून बघा, आत गरम लागलं तर अजून दोन महिने ठेवा.

नर्सरीतून आणलेल्या रोपाचं एक सांगायलाच पाहिजे, कारण यात सगळ्यात जास्त रोपं जातात. आपल्या नर्सऱ्यांमध्ये बरीच रोपं आंध्रातल्या कडियमकडून ट्रकनं येतात. पिशवी फाडली की आत लाल चिकणमातीचा गोळा, घट्ट, वीट म्हणून भिरकावता येईल असा. तो तसाच कुंडीत ठेवून भोवती तुम्ही कितीही छान माती भरा, पाणी बाजूच्या भुसभुशीत मातीतून निघून जातं आणि गोळा आत ठणठणीत. वर झाड माना टाकतं. म्हणून पिशवी आधी पाण्याच्या बादलीत अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, बुडबुडे यायचे थांबले की काढा, बाहेरची माती बोटांनी हळूच मोकळी करा, सगळी नाही, बाहेरची एक-दोन बोटं जाडीची, मुळं दिसली की थांबा. मग लावा. आठ-दहा दिवस सावलीत, नंतर सकाळचं ऊन, नंतर पूर्ण ऊन. आणि ही खरेदी जून-जुलैत करायची, एप्रिलमध्ये नाही. एप्रिलमध्ये नर्सरीत हिरव्या जाळीखाली सगळं गोड दिसतं, घरी आणलं की चार दिवसांत खेळ खल्लास, आणि नर्सरीवाला म्हणणार "पाणी कमी पडलं असंल."

आता आपल्या गावाला मानवणारी झाडं. माझं स्पष्ट मत आहे, ज्याला पहिल्यांदा गच्चीवर झाडं लावायची त्यानं अडेनियम, बोगनवेल आणि मोगरा या तिघांपासून सुरुवात करावी. एक्झोरा, अनंत, फर्न यांच्या नादी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी लागा.

अडेनियम माझं लाडकं. मूळचं आफ्रिका-अरबस्तानातलं, त्यामुळं आपलं ऊन त्याला घरचं वाटतं. बुंधा फुगीर, त्यात पाणी साठवतं, आणि मरतं ते फक्त एकाच कारणानं, ओल्या मुळांनी. त्याची माती वेगळी करा: दोन भाग विटांचे बारीक तुकडे किंवा धुतलेली जाडसर वाळू, एक भाग माती, एक भाग खत. पाणी घातल्यावर ते वर तळं करून थांबलं तर मिश्रण चुकलं. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी पाणी, पावसाळ्यात सतत झड लागली तर आडोशाला, डिसेंबर-जानेवारीत पानं गळायला लागली की पंधरा दिवसांनी एकदा तेही थोडं. पानं गळाली म्हणून घाबरून पाणी वाढवणारे लोक जानेवारीत झाड घालवतात.

बुंधा दाबून बघायची सवय लावा, टोमॅटो घेताना दाबतो तसं. सगळीकडून सारखाच थोडा मऊ लागला, सुरकुतलेला, तर तहान आहे, पाणी घाला, तीन-चार दिवसांत टणक होतो. एकाच ठिकाणी मऊ, बोट आत जातंय, कुबट वास येतोय, तर सड आहे. तेव्हा दया नको. झाड उपटा, धारदार सुरी स्पिरिटनं पुसून सडका भाग कापत जा, पांढरं स्वच्छ लाकूड दिसेपर्यंत, एक ठिपका जरी तपकिरी राहिला तरी परत पसरतं. कापलेल्या जागी बुरशीनाशक पावडर किंवा हळद लावा आणि सावलीत उलटं टांगून ठेवा आठवडाभर. जखम सुकली की कोरड्या मातीत लावा आणि अजून पाच-सहा दिवस पाणी नाही. माझ्याकडं एक असं निम्मं कापलेलं झाड आहे, बुंधा एका बाजूनं खोबणी पडल्यासारखा, आणि आता तेच सगळ्यात देखणं दिसतं.

छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, फांद्या तीन-चार इंच ठेवून कापा, दीड-दोन महिन्यांत नवीन फांद्यांच्या टोकाला फुलं. चीक विषारी असतो, हात साबणानं धुवा, डोळ्याला लावू नका, लहान मुलं असतील तर कापलेल्या फांद्या तशाच टाकून देऊ नका. आणि पावसाळ्यात एका रात्रीत पानं गायब झाली तर चोर शोधू नका, खाली लेंड्या बघा. करंगळीएवढा हिरवा सुरवंट असतो, डोक्यामागं दोन निळे डोळ्यासारखे ठिपके, कण्हेर आणि तगरीवर पण तोच येतो. काडीनं उचलून टाकला की झालं, औषध नको. त्याचा पतंग फार सुंदर असतो, म्हणून मी त्याला कण्हेरीवर नेऊन सोडतो, बायको हसते.

बोगनवेलीला प्रेम कमी करा. तिला रोज पाणी आणि भरपूर शेणखत दिलं की ती नुसती पानं आणि हातभर काटे काढते, फुलं नाही. (फुलं म्हणतो आपण, ती खरं तर रंगीत पानंच, खरं फूल आत पांढरं एवढंसं असतं.) पाऊस संपला की ऑक्टोबरात छाटा, पाणी तोडा, पानं थोडी मलूल होऊन खाली झुकेपर्यंत थांबा, मग पाणी, परत तोडा. असं दोन-तीन वेळा केलं की डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या सुमाराला, अंगभर रंग येतो. कुंडी लहानच ठेवा, मुळं आवळली की ती जास्त फुलते. आणि पूर्ण ऊन, अर्ध्या उन्हात तिच्याकडून काही अपेक्षा करू नका.

मोगऱ्याचं गुपित मला पूर्व भागातल्या एका अक्कांनी सांगितलं, त्यांच्या दारात दोन डब्यांत दोन झाडं आणि रोज गजरा निघायचा. मी विचारलं खत कुठलं, तर म्हणाल्या, "खत कशाला बाबा, आधी उपाशी ठेव की." म्हणजे काय, तर जानेवारीच्या शेवटी पाणी आठ-दहा दिवस बंद. मग झाड एक तृतीयांश छाटायचं, राहिलेली सगळी पानं हातानं ओरबाडून काढायची. झाड बघवत नाही तेव्हा, आई तर मला ओरडलीच होती, "मारलंस ना त्याला!" त्यानंतर वरची माती खुरप्यानं हलवायची, दोन-तीन ओंजळी शेणखत, आणि भरपूर पाणी. आठवड्या-दीड आठवड्यात प्रत्येक गाठीतून पोपटी फूट येते आणि मार्चअखेर कळ्या. फुलं ओसरली की प्रत्येक वेळी टोकं दोन पानं खाली कापत राहा, परत बहर येतो, जूनपर्यंत चालतं. मोगऱ्याला मात्र पाणी लागतं, उन्हाळ्यात रोज सकाळी, त्याला अडेनियमच्या शेजारी ठेवून दोघांना एकाच हातानं पाणी घालू नका. शेंगपेंड (शेंगदाण्याची पेंड) आवडते त्याला, मूठभर पेंड पाण्यात दोन-तीन दिवस भिजवायची आणि दहापट पाणी घालून द्यायची. वास येतो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. कोरडी पेंड वर टाकली तर मुंग्या आणि उंदीर, दोन्ही.

बाकीचं पटकन. जास्वंद लावा, गणपतीला लागतेच, पण तिच्यावर पिठ्या ढेकूण येणार, कापसासारखा, तो दिसला की पहिल्या दिवशीच जुन्या टूथब्रशनं स्पिरिट लावून घासा, आणि मुंग्यांची रांग कुठून येते बघा, त्याच त्याला इकडून तिकडं नेतात. जास्त पसरला तर लिटरला ५ मिली नीम तेल आणि थोडा पातळ साबण, संध्याकाळीच, मेच्या उन्हात फवारलं तर पानं भाजतात. गुलाब ऑक्टोबरात छाटा, कलमाच्या जोडाखालून आलेली फूट दिसेल तेव्हा मुळापासून काढा, ती जंगली असते, ठेवली तर वर्षात मूळ गुलाब गायब. कण्हेर, तगर, सदाफुली, डुरांटा यांना काही सांगायची गरज नाही, लावा आणि विसरा. उन्हाळ्यात पानं धुरकट, निस्तेज, मागं बारीक जाळी दिसली तर ती धूळ नाही, लाल कोळी आहे, दोन-तीन दिवसांनी पानांच्या मागून पाण्याचा जोरात फवारा मारला की बराच आटोक्यात येतो.

आता उन्हाळा. आमचं आधीचं घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या छताचं होतं, वर दुपारी पण पाय ठेवता यायचा, आता स्लॅब रात्री दहापर्यंत तापलेला असतो, आणि कुंडी त्याच्यावर म्हणजे तव्यावर. पारा ४२-४३ ला गेला की वरच्या उन्हापेक्षा खालून लागणारी झळ जास्त वाईट. प्रत्येक कुंडीखाली दोन विटा ठेवा, हवा खेळली पाहिजे. काळ्या पिशव्या आणि काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या बाहेरून चुन्यानं पांढऱ्या करा किंवा जुनी चादर गुंडाळा, सोलापुरात कुणाच्या घरी जुनी चादर नाही? कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, नाजूक मधे, बोगनवेल-कण्हेर पश्चिमेच्या बाजूला भिंतीसारखी. मातीवर शेंगांची टरफलं किंवा कडब्याची कुट्टी दोन बोटं जाड पसरा, चटणीच्या शेंगा फोडल्या की टरफलं फेकू नका, पण खारवलेल्या शेंगांची नकोत. एप्रिल-मेमध्ये खत बंद, छाटणी बंद (मोगऱ्याची टोकं तेवढी सोडून), कुंडी बदलणं बंद. झाडाला नुसतं जगू द्या.

हिरवी जाळी ५० टक्केची पुरते, सात-आठ फुटांवर, बाजू उघड्या. अडेनियम आणि बोगनवेल तिच्या बाहेर. आणि ती नीट बांधा. मी पहिल्या वर्षी सुतळीनं बांधली होती, मेमधला वळीव आला, जाळी उडाली आणि शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर जाऊन बसली, अर्ध्या कुरडया जाळीला चिकटल्या. त्यानंतर तार आणि हूक.

राहिलं गावाला जायचं. चार-पाच दिवस जायचं असेल तर कुंड्या सावलीच्या भिंतीला गोळा करा, मधे विटांवर पाण्याची बादली उंचावर, आणि जुन्या सुती टॉवेलच्या दोन बोटं रुंद पट्ट्या फाडून एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं कुंडीत तीन-चार इंच खोल खोचा. पट्टी आधी पूर्ण भिजवून घ्या, कोरडी ठेवली तर पाणी चढायला वेळ लागतो. नायलॉन मिसळलेला टॉवेल चालत नाही, शंभर टक्के सुतीच पाहिजे. मोगरा, जास्वंद, गुलाब यांना पट्टी द्या, अडेनियमला चुकूनही नाही. जायच्या आधी एक दिवस लावून बघा, कुंडीतली माती ओली राहते का नुसती बादली रिकामी होते ते कळतं, पट्टी मधेच खाली लोंबली तर पाणी तिथूनच टपटप गळून जातं. आणि बादलीवर, ड्रमवर कापड बांधून जा, नाहीतर परत येईपर्यंत झाडं राहतील आणि सगळ्या गल्लीला डास होतील.